विमानतळाचा मुराळी

दिनांक १४ एप्रिल २०२५, सोमवार. कळसाडी.

लेक कामिनी येणार! अखाजीस, अक्षय्य तृतीयेच्या सणास. अकरा वर्षांनी. हैदराबादेहून सुरतेपर्यंत विमानाने, आणि तेथून पुढे एकटी.

दूरध्वनी तिच्या आईस आला. माझ्याशी बोलणे झाले नाही. मी ओट्यावर होतो. परंतु सुगंधाबाईंस आवाज मोठा ठेवूनच बोलण्याची सवय आहे, त्यामुळे ऐकू आले.

"माय, माले लेवाले कोणी येवानी गरज नही. विमानतळपाईन स्टेशनपावत बस शे. तठून मी यष्टीमा बठसू."

गरज नाही म्हणे!

हे येथेच लिहितो, कारण दुसऱ्या कोणाजवळ बोलावयाचे नाही. तिने आमच्या गुजर समाजाबाहेर लग्न केले, तेव्हा मी चार माणसांदेखत म्हणालो होतो—"आते अखाजीले या घरमाईन तुले मुराळी येवाव नही." माहेरचा माणूस मुराळी होऊन दारी गेल्याखेरीज आमच्याकडील लेक सणास येत नाही. म्हणून ती आली नाही. मी बोललो, तिने पाळले. हट्टात ती माझ्यावरच गेली आहे.

आता ती बोलावल्यावाचून येत आहे. मुराळ्यावाचून! गावातून पिशवी ओढीत एकटी चालत येणार. हे मी होऊ देणार नाही.

दि. १५ एप्रिल, मंगळवार.

मुलगा हेमराज म्हणाला, "आबा, मी मिथुननी गाडी धाडी देसू. एसी शे!"

मिथुन हा भाडोत्री चालक आहे. भाडोत्री मुराळी कोणी पाहिला आहे काय? मी हेमराजास तसे विचारले. तो म्हणाला, "मन्ही तं त्याच दिनले केळीनी कटाई शे. मंग कोण जाई?"

मी जाईन, असे सांगितले.

सुगंधाबाई पोळपाटावरून उठल्याच. "मुराळी भाऊ जास. बाप मुराळी गया, आसं कोठे आयकं का तुम्ही?"

त्यांचे म्हणणे बरोबर आहे. रीतीत भाऊ आहे, चुलतभाऊ आहे, क्वचित काका आहे. बापाचा उल्लेख नाही. परंतु मनाईही नाही.

अट एकच घातली—कामिनीस आधी कळवावयाचे नाही. कळविले तर ती "नको" म्हणेल. मग मी कसा जाणार?

दि. १६ एप्रिल.

अठ्ठ्याहत्तर हे काही वय नव्हे.

दि. १९ एप्रिल, शनिवार.

चष्म्याचे काम आहे असे सांगून पहाटे शहाद्यास गेलो, आणि तेथून साडेपाचच्या एस.टी.ने सुरतेस. असत्य बोलणे मला आवडत नाही. म्हणून शहाद्याच्या स्थानकावर चष्मा पुसून घेतला.

कामगिरीपूर्वी वाट पाहून ठेवावी, हा हेतू. सुरतेस विमानतळाची बस रेल्वे स्थानकासमोरून सुटते. बस स्वच्छ. पेट्या ठेवावयास लोखंडी मांडणी केलेली आहे. वाहक एक बाई आहेत. छातीवर नाव होते—अल्पनाबेन.

"दादा, क्यां जवानुं?"

विमानतळास, असे सांगितले. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. "सामान क्यां छे?"

"सामान नाही. पाहावयास चाललो आहे."

"प्लेन जोवा?"

"नाही. बस पाहावयास."

सगळी बस हसली. मला हसू आले नाही. मी खरे तेच सांगितले होते.

प्रवास पन्नास मिनिटांचा. या बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही, सर्व जण घड्याळाशी बोलतात. आमच्या एस.टी.त एव्हाना मला तीन माणसांनी गाव, पीक आणि मुलांची संख्या विचारली असती! माझ्या शेजारी एक तरुण बसले होते. त्यांच्या विमानास दोन तास होते, आणि तरी ते प्रत्येक सिग्नलला डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. शेवटी मीच त्यांस धीर दिला. म्हणालो, विमान आपल्यासाठी थांबणार नाही, हे खरे. परंतु आपणही पळत सुटणारे नाही. ते माझ्याकडे पाहतच राहिले.

विमानतळाच्या दाराशी बंदूकधारी शिपाई. "काका, टिकट दिखाइए."

मी बसचे तिकीट दाखविले.

"ये तो बस का है."

मी म्हणालो, तिकीट हे तिकीट असते. ते सभ्य गृहस्थ होते. हाताला धरून त्यांनी मला बाजूचे दुसरे दार दाखविले. वर लिहिले होते—आगमन. उतरलेली माणसे तेथून बाहेर पडतात. समोर बाके आहेत, आणि पलीकडे बसचा थांबा. सर्व नीट पाहून, सर्व वेळा टिपून परत आलो.

घरी विचारले, चष्म्याचे काय झाले? म्हटले, आता स्वच्छ दिसते.

दि. २२ एप्रिल, मंगळवार.

एक अडचण. मुराळी सासरी गेला की त्यास पाणी मिळते, चहा मिळतो, पीकपाण्याची चौकशी होते. मग तो व्याह्यांस शब्द घालतो—"पोरले लई जासू." ते "लई जा" म्हणतात. मगच लेक पिशवी उचलते. आता विमानतळावर व्याही कोठून आणावयाचे? शब्द कोणास घालावयाचा?

सुगंधाबाई सांजोऱ्यांचे सारण भाजीत होत्या. म्हणाल्या, "विमानलेच ईचारा, मन्ही पोर लई जाऊ का म्हनीसन!"

आणि इतक्या हसल्या की सारण खाली लागले.

दि. २५ एप्रिल, शुक्रवार.

सदरा धुण्यास टाकताना खिशात बसचे तिकीट राहिले. हेमराजच्या हाती लागले.

"आबा, शहादाना चष्मावाला आते सुरतमा बठस का?"

मी त्यास सांगितले की वडिलांच्या खिशात हात घालणे हे संस्कारांत बसत नाही. तो बायकोस म्हणाला, "देख, आबा चौथीना पुस्तकना मायक बोलतस." चौथीपर्यंत शिकलो, हे खरे. परंतु जे शिकलो ते पक्के आहे!

नंतर तो जवळ येऊन बसला. "येकलाच जाशात?"

"होय."

"मन्हा नवा बूट लई जा. तठला लोके बूटच देखतस."

बूट घेतले नाहीत. माझ्या वहाणा तेल लावून ठेवल्या आहेत.

दि. २८ एप्रिल, सोमवार. सुरत विमानतळ. रोजनिशी बरोबर आणली आहे.

१२ वाजून ५ मिनिटे. पोहोचलो. धोतर, कोट, टोपी. पिशवीत सांजोऱ्या. त्याच अल्पनाबेन होत्या. म्हणाल्या, "दादा, आजे तो सामान पण छे!"

१२.३०. विमान १ वाजून १० मिनिटांनी. पाटीवर तसेच लिहिले आहे. लोक दारासमोर गर्दी करून, माना उंचावून उभे आहेत. मुराळी उंबऱ्याशी असा घुटमळत नाही. तो बाहेर, बाजूस बसतो. आतल्या माणसाने पाहावे, "या" म्हणावे, मग उठावे. शेवटच्या बाकावर, खांबापलीकडे बसलो आहे. जागा सन्मानाची आहे.

१.१२. उतरले! आवाज येथपर्यंत आला.

१.३५. माणसे येत आहेत. सर्व जण पेट्या ढकलीत आहेत. कोणी "या" म्हटलेले नाही.

१.४८. गेली.

दि. २९ एप्रिल, मंगळवार. कळसाडी.

काल काय झाले ते क्रमाने लिहितो.

मी बसून राहिलो. ती दारातून बाहेर आली असेल आणि डावीकडे न पाहता सरळ थांब्याकडे गेली असेल. तिने का पाहावे? मी आलो आहे हे तिला ठाऊकच नव्हते! ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. मला ती दिसली, तेव्हा बसच्या खिडकीत बसली होती. केस थोडे पांढरे झालेले. पिशवी मांडीवर, मांडणीवर नाही—तिच्या आजीसारखी. बस निघाली. वीस पावलांवर होती.

मी हाक मारली नाही.

चारचौघांत हाका मारणे शोभत नाही, असे हेमराजला सांगितले आहे. पानास खरे सांगतो. मला वाटले, ती पाहील आणि तोंड फिरवील.

पुढील बस चाळीस मिनिटांनी. घरी दूरध्वनी केला. म्हटले, थोडा उशीर होईल. सुगंधाबाई म्हणाल्या, "पोर कोठे शे?" मी म्हटले, पुढे गेली. "पुढे म्हंजे?" मी म्हटले, बसने. त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी येथे लिहीत नाही.

मग बसून राहिलो. बस आली, गेली. उठावेसे वाटले नाही. शिपाई दोनदा येऊन विचारून गेले, "काका, सब ठीक?" त्यांस एक सांजोरी दिली. त्यांनी ड्यूटीवर खात नाही असे सांगितले, आणि खिशात ठेवली.

साडेतीनच्या सुमारास परत बस लागली. तीतून एक बाई उतरली आणि वाहनांमधून तडक माझ्याकडे चालत आली. पिशवी खांद्यावर.

"आबा! मुराळी आसा दपीसन बठस का?"

मी म्हणालो की मी दडलेलो नव्हतो, रीतीप्रमाणे बसलो होतो.

"एक हाक तं मारतात!"

यावर माझ्याजवळ उत्तर होते. ते वर लिहिले आहे. तिला सांगितले नाही. बहुधा तिला दिसले असावे. कारण तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून माझ्या हाती दिली. आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली,

"चला. मी तुम्हले लेवाले येल शे."

आईचा दूरध्वनी तिला स्थानकावर पोहोचताच मिळाला होता. शहाद्याची एस.टी. समोर लागलेली असताना ती सोडून, त्याच बसने ती पन्नास मिनिटे उलट आली. बसमध्ये अल्पनाबेन सर्वांस सांगत होत्या, "आ दादानी दीकरी!" जणू मी त्यांच्या बसचा जुना मालक आहे. या वेळी मात्र सगळी बस आमच्याशी बोलली. कोणी गाव विचारले, कोणी सांजोरीत काय घालता ते. डबा संपत आला.

उधना दरवाज्याजवळ मी घसा साफ केला. म्हणालो, "कामिनी, अकरा वर्षांपूर्वी माझ्या तोंडून जे—"

ती म्हणाली, "आबा, शेवटली सांजोरी मन्ही शे हां." आणि खिडकीबाहेर पाहत खाऊ लागली. खाताना डोळे पुसत होती.

दि. ३० एप्रिल, बुधवार. अखाजी.

घागर भरली. पितरांस आमरस, सांजोऱ्या. कामिनी निंबाच्या झोक्यावर बसली. तिच्याबरोबर तिची आई! दोर तुटला नाही, ही देवाची कृपा. दोघी गात होत्या. शेजारच्या शांतीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "लोटन आबा, मुराळी सापडी गया का?"

गावभर झाले आहे. हरकत नाही.

दि. २ मे, शुक्रवार.

कामिनीस विचारले, परत केव्हा? म्हणाली, मंगळवारी. तिचे यजमान तिला न्यावयास येत आहेत. रविवारी दुपारी, त्याच विमानाने सुरतेस उतरतील. दोन दिवस लॉजवर राहतील आणि मंगळवारी विमानतळावर तिची वाट पाहतील.

मी म्हणालो, "लॉजवर कशासाठी? येथे घर असताना?"

ती तांदूळ निवडीत होती. मान वर केली नाही. "तुम्ही कधी बोलाव्हं त्यासले?"

हेमराज उठून गोठ्यात गेला. सुगंधाबाईंनी पदर खोचला. त्यांनी पदर खोचला की माझा निकाल लागलेला असतो.

संध्याकाळी जेवणावर लक्ष नव्हते.

दि. ३ मे, शनिवार.

सासऱ्याने जावयास आणावयास जाण्याची रीत आमच्याकडे नाही. कोठेही नाही, चार जाणत्यांस विचारून पाहिले.

कामिनीकडून जावयांचा क्रमांक घेतला. दूरध्वनी मी स्वतः लावला. म्हणालो, "नवनीतराव, मी लोटन पाटील, कळसाडी. उद्या बारा वाजून पाच मिनिटांनी मी आपणांस घ्यावयास विमानतळावर येत आहे."

त्यांनी मला ते पुन्हा म्हणावयास सांगितले. मी पुन्हा म्हणालो.

मग ते म्हणाले, "आबा… तो मैं लॉजवाले को मना कर देता हूँ."