खोली नंबर १९१७, दोघांसाठी

सोमवार, १० नोव्हेंबर. दुपारी ४.

आलो. एकोणिसावा मजला. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून कंपनीने निरोप समारंभात कूपन दिलं. ताइपेईतलं एवढं मोठं हॉटेल, पाच रात्री, नाश्त्यासकट, दोघांसाठी.

पाओचू चंद्रोत्सवाच्या दिवशी ताइचुंगला बहिणीकडे गेली. चार दिवसांसाठी म्हणून. पाच आठवडे झाले. कारण किरकोळ. ती काहीतरी सांगत होती आणि मी टीव्हीचा आवाज वाढवला. बेसबॉल होता, त्यात माझा काय दोष.

पण आता हॉटेल आहे. मागे लागायचं नाही. फक्त फोटो पाठवायचे. हॉटेल स्वतःच बोलेल.

पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या थुंगबाईंना सांगितलं, मिसेस उद्या येते. त्यांनी तिच्यासाठी एक फॉर्म दिला. उशी कुठली हवी (सात प्रकार आहेत), काय खायला चालत नाही, चहा कुठला, तब्येतीची काही तक्रार, काही खास प्रसंग. एका मिनिटात भरला. उशी मऊ. खायला सगळं चालतं, कोळंबी विशेष आवडते. तक्रार नाही. प्रसंग, लग्नाचा तेहेतिसावा वाढदिवस. थुंगबाई म्हणाल्या, शिए साहेब, इतक्या पटकन कोणी भरत नाही. मी म्हटलं, संसार केलाय.

खोलीचे नऊ फोटो पाठवले. पडदा बटणावर सरकतो. कमोडचं झाकण माणूस बघून उघडतं.

संध्याकाळी ६. तिने फोटो पाहिले. ‘वाचलं’ अशी खूण आली, तीन मिनिटांत. म्हणजे फोन हातातच होता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी ९.

नाश्ता. एका टोकाला भाताची पेज, दुसऱ्या टोकाला फ्रेंच चीज, मधे चालायला दमछाक. अंड्यांच्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, अंडं कसं हवं. कसं म्हणजे? घरी अंडं येतं. मागे रांग वाढली. शेवटी पुढच्या माणसासारखं, म्हणालो. तो माणूस अंड्याचा फक्त पांढरा भाग खात होता.

इथे फार विचारतात. पाणी गार की कोमट, खुर्ची खिडकीशी की आत, झोप कशी लागली. आधी कटकट वाटली. पण आज सकाळी अर्धा तास कोणी काही विचारलं नाही तर चुकल्यासारखं झालं.

दुपारी २. शिंचूत राहणाऱ्या मुलीला, हुइचुनला, फोन केला. आईला समजाव म्हटलं, तिचा फॉर्मही भरून ठेवलाय. तिने समजावण्याऐवजी फॉर्मची चौकशी केली. मी भरलेलं सगळं सांगितलं. मग म्हणाली, बाबा, आई कोळंबी खात नाही. माझ्या जन्माच्या वेळेपासून अंगावर गांधी उठतात. तुमच्या ताटात वाढते म्हणून तुम्हाला वाटतं खाते. आणि आईचा गुडघा दोन वर्षं दुखतोय, ती मऊ गादीवरसुद्धा झोपत नाही, जमिनीवर झोपते. मी म्हटलं, उकाड्यामुळे झोपते. म्हणाली, जानेवारीतसुद्धा?

खाली जाऊन फॉर्म दुरुस्त केला. थुंगबाईंना सांगितलं, काल घाईत लिहिलं. चहाच्या रकान्यापाशी थांबलो. गेली इतकी वर्षं ती रोज सकाळी काहीतरी पिते. वाफ येते, हे नक्की.

‘उलोंग’ लिहिलं. उलोंग कोणालाही चालतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी १२.

ती आज येईल या हिशेबाने जोडप्याचा मसाज ठरवला होता. एकटाच गेलो. शेजारी-शेजारी दोन पलंग, दोन्हींवर पाकळ्या. मसाजवाल्या दोघी आल्या होत्या. दुसरी आपल्या रिकाम्या पलंगापाशी हात बांधून उभी राहिली. मी म्हटलं, मिसेसच्या गाडीला उशीर आहे, तुम्ही बसा. ती बसली नाही. तास संपेपर्यंत उभी होती. खांदे आधीपेक्षा जास्त दुखतायत.

दुपारी ४. थुंगबाई खोलीवर केक घेऊन आल्या. वर ३३. सोबत दोन काटे. मिसेस आल्या का? मी म्हटलं, रुळावर काही बिघाड झालाय. त्यांनी नम्रपणे मान डोलावली. ताइचुंगची जलद गाडी एक मिनिटही उशिरा येत नाही हे देशातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

केकचा फोटो हुइचुनला पाठवला. उत्तर: चौतिसावा. आणि तो मार्चमध्ये झाला.

केक चांगला होता. अर्धा तिच्यासाठी ठेवला. (५.३० वाजता तोही संपवला. क्रीम टिकत नाही.)

परिस्थिती हाताबाहेर गेलेली नाही. मात्र आज बाथरूममध्ये दोन टूथब्रश, दोन झगे, सपातांचे दोन जोड बघून पलंगाच्या कडेवर बराच वेळ बसलो. तिचा जोड पायात घालून पाहिला. बसत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सकाळी १०.

धोरण बदललं. फोटो पुरेसे नाहीत, माहिती हवी. हॉटेलचं पुस्तक समोर ठेवून तिला बेचाळीस ओळींचा मेसेज लिहिला. वरच्या मजल्यावरचा पोहण्याचा तलाव, चार उपाहारगृहं, वाफेची खोली, चहाघर, शिंपी, फुलांचं दुकान, गुडघ्यांसाठी बाकांची सोय असलेली बाग. शेवटची ओळ तीन वेळा लिहिली आणि पुसली. शेवटी लिहिलं: लिफ्ट जपानी, पण देखभाल ठीक.

११.१०. उत्तर आलं. खरं उत्तर, अक्षरांत. तलावाचं पाणी गरम असतं का?

पाच आठवड्यांतला पहिला प्रश्न. लगेच वर जाऊन देखभालवाल्याला गाठलं आणि तिला कळवलं: अठ्ठावीस अंश, उष्णता कुठून येते, पंप किती ताकदीचा, पाणी किती तासांनी फिरतं. दोन भागांत पाठवलं.

१२.४०. खोली दोघांची आहे ना? मी लिहिलं, अर्थात दोघांची.

१२.४४. आक्कालाही पोहायला आवडतं. मी हसण्याचं स्टिकर पाठवलं. आक्का म्हणजे तिची बहीण, वय सदुसष्ट. पाओचू थट्टा करते आहे. थट्टा करते म्हणजे बर्फ वितळला.

१२.५०. उद्या दुपारी येते.

हॉटेलच्या न्हाव्याकडे केस कापून घेतले. सूट इस्त्रीला दिला. थुंगबाईंना सांगितलं, रूळ दुरुस्त झाला. त्यांना इतका आनंद झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

उद्यासाठी: टीव्ही लावायचा नाही. पंपाचा विषय काढायचा नाही. ती जे सांगत होती, त्या दिवशी, ते काय होतं, विचारायचं. हे आधी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. संध्याकाळी ७. घरी.

क्रमाने लिहितो.

तीन वाजता लॉबीत उभा होतो, सूट घालून. पाओचू फिरत्या दारातून आली. केस कापलेत, लहान, कानापर्यंत. मी ओळखलं नाही, आधी आक्काला ओळखलं. ती दोन बॅगा ओढत मागून येत होती. आक्का म्हणाली, शिएराव, अगदी नवरदेव दिसताय. कुणाचं लग्न?

थुंगबाईंनी पाओचूचे दोन्ही हात धरले. प्रवासात फार त्रास झाला ना, म्हणाल्या. पाओचू म्हणाली, छे, अगदी वेळेवर आलो. थुंगबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शिकलेल्या बाई.

मग खोलीचा प्रश्न. दोघांची खोली, माणसं तीन. थुंगबाई म्हणाल्या, एक जादा पलंग लावता येईल. पाओचू माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, अवघडली असेल, तिला मोकळं करावं. म्हटलं, नको नको, मला घरी कामं आहेत, तुम्ही दोघी राहा. ती म्हणाली, बरं. इतक्या लवकर बरं म्हणेल असं वाटलं नव्हतं.

वर जाऊन माझं सामान भरलं. पडद्याचं बटण दाखवलं. आक्का म्हणाली, समजलं, दाबायचं. मी तरीही मोटर कुठे असते ते सांगितलं.

पाओचू लिफ्टपर्यंत पोहोचवायला आली. हळू चालत होती, एक हात भिंतीला. मी म्हटलं, गुडघा दुखतो का. ती थांबली. म्हणाली, कोणी सांगितलं? हुइचुनने, म्हटलं. ती म्हणाली, वाटलंच.

मग म्हणाली, अहो, मी भांडायला आलेली नाही. आक्काला कधीच कोणी हॉटेलात नेलं नाही, मलाही नाही, म्हणून आले. पण एक सांगा. पाच आठवड्यांत तुम्ही मला नव्वदएक फोटो पाठवलेत. तू का गेलीस, हे एकदा तरी विचारलंत?

मी तेच विचारणार होतो. कालच ठरवलं होतं, लिहून ठेवलं आहे. तोंड उघडलं आणि लिफ्ट आली. आत दोन माणसं होती. लिफ्ट अडवून ठेवू नये, दाराच्या यंत्रावर ताण येतो. शिरलो.

दार बंद होताना ती तिथेच उभी होती.

बाराव्या मजल्यावर लक्षात आलं की बटण दाबून परत वर जाता येतं. दाबेपर्यंत लॉबी आली होती.

तरी एकंदर भेट चांगली झाली. ती स्वतःहून बोलली.

शनिवार, १५ नोव्हेंबर. दुपारी १.

हुइचुनचा फोन. आई आणि मावशी सकाळी तलावात होत्या, टोप्या घालून. आई पोहत नाही, नुसती पाण्यात उभी राहते, पाण्यात गुडघा दुखत नाही म्हणते. खूप हसत होती म्हणे. मी म्हटलं, बघ, हॉटेल कोणी शोधलं. ती म्हणाली, हो बाबा.

मग म्हणाली, आई सोमवारी घरी येणार आहे.

मी हे सगळ्यांत शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण लिहितोच. सोमवारी येणार आहे. शिलाई मशीन न्यायला. ताइचुंगला आक्काच्या गल्लीत तिने एक गाळा बघितलाय, पडदे आणि गणवेश शिवणार. त्या दिवशी, बेसबॉल चालू असताना, ती तेच सांगत होती म्हणे.

मी म्हटलं, मशीन जड आहे, चार मजले, लिफ्ट नाही, मी खाली उतरवून देतो. हुइचुन म्हणाली, आईने दोन माणसं सांगितलीत. म्हटलं, मग मी त्यांना वाट दाखवीन, जिन्याचं वळण अरुंद आहे. ती म्हणाली, बाबा, त्या वेळी तुम्ही घरी नसलात तर बरं, असं आई म्हणाली.

किती ते किती, विचारलं. दहा ते बारा.

ठीक आहे. सोमवारी दहा ते बारा बाहेर. कुठे, ते ठरलेलं नाही.