ढावलो स्टेजवर नाही

याडी,

शाळेत मी 'आई' लिहायला शिकले, पण तांड्यात तुला कधी त्या नावानं हाक मारली नाही, म्हणून आताही याडीच लिहिते. उद्या तुझ्या नातीचं, माझ्या पोरीचं लग्न आहे. मानोऱ्याच्या हॉलमध्ये नाही, आपल्या तांड्यात, आपल्या दारात. त्यासाठी मी किती भांडले ते तुला सांगायलाच हवं, कारण ही खोड तुझीच.

मी लहान होते. तू चुलीपुढं भाकरी थापते आहेस आणि मी ज्वारी निवडता निवडता ढावलो गुणगुणते आहे, कुठल्याशा लग्नात नवरीनं रडत रडत म्हटलेला. तू पिठाचा हात तसाच उगारलास. "चूप! घरातून कोन चाललं वं? कायले रडून राह्यली?" सासरी निघालेल्या पोरीनंच ते म्हणायचं, एकेकाच्या गळ्यात पडून, उगाच म्हटलं तर घराला रडणं लागतं, हे तेव्हा कळलं. मग तांड्यातल्याच घरी माझी सोयरीक झाली आणि तूच रोज संध्याकाळी मला जवळ बसवून एकेक ओळ शिकवलीस. कापूस वेचून बोटं फुटलेली असायची तुझी, तरी ओळ चुकली की मांडीवर चापट बसायचीच.

गेल्या महिन्यात तालुक्याला सत्कार होता, जुनी गाणी राखणाऱ्या म्हाताऱ्यांचा आणि ती शिकणाऱ्या पोरींचा. तुझी मैत्रीण, आपली शेजारची काकी, आणि तुझी नात, दोघींना शाल मिळाली. काकीच्यानं आता ऊसतोडीला जाणं होत नाही. ती तांड्यात मागे राहते आणि मागे राहिलेल्या पोरी गोळा करते. तीजेची, होळीची गाणी सगळ्यांना शिकवते. ढावलो मात्र सोयरीक झालेलीलाच. माइकवाला म्हणाला, "आता दोन मिनिटं ढावलो होऊन जाऊ द्या." काकीनं माइक ढकलला. "माह्या घरची कोन चालली आज सासरी?" लोक हसले. तो पुन्हा म्हणतो, "कार्यक्रमापुरतं हो!" तेव्हा तुझी नात उठली. "ज्याईले आयकायचं हाय, त्याईनं माह्या लग्नाले यावं." अगं, माझा ऊर असा भरून आला! शाल-नारळाहून मोठा मान पोरीनं काकीला तिथल्या तिथं दिला.

खरी लढाई घरी. व्याही म्हणे हॉल घेऊ, डीजे लावू, निघताना रडगाणं कायले, गाडीत बसवू अन् चालते होऊ. मी म्हटलं, "पोरगी ढावलो म्हनल्याबिगर मांडवाबाहेर पाय टाकनार नाही. पटत असन तर वरात आना." शेवटी नवरदेवानंच बापाला गप्प केलं. बरा आहे जावई.

तर ठरलं सगळं. काकीला सकाळीच आणून मांडवात बसवणार आहे. हे पत्र कुणाच्या हाती देऊ? तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं. आणि काकीलाही न सांगितलेलं एक तुला सांगते. सगळ्यांशी भांडून मी ते गाणं राखलं खरं, पण उद्या पोरगी पहिली माझ्याच गळ्यात पडणार आहे, आणि याडी, मला ते ऐकायचं नाही.