ओमेगाच्या यादीतलं एक नाव

आयोवा, मंगळवार

तीर्थरूप धाकट्या आजोबांना टिल्डाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, तुमचा तो अगडबंब पितळी ट्यूबा आणि तुमचा राग, तिन्ही ठणठणीत असतीलच.

राग म्हणजे आपल्या कॉलेज-बँडवाल्यांच्या वादकसंघाच्या मुख्य कार्यालयावरचा. ("अठ्ठावन्न वर्षांत पुन्हा एक पत्र नाही, मेले विसरले आम्हाला," असं तुम्ही दर नाताळात ऐकवता.) तर त्याचा मी छडा लावलाय. कॉलेजातली आपली शाखा पुन्हा सुरू करायला आम्ही दहा जणांनी अर्ज केला. शाखांना ग्रीक अक्षरं ओळीनं मिळतात, एकेरी संपली की जोडीनं, हे तुम्हाला मी काय सांगणार! आपली थीटा कप्पा. पण तुमच्या वेळी कुण्या दीडशहाण्याला जोडनाव कमीपणाचं वाटलं आणि त्यानं वार्षिक अहवालात ठोकून दिलं, 'ओमेगा'. अहो, ओमेगा शाखा फक्त दिवंगत सभासदांची! कार्यालयानं निमूटपणे शाखेतल्या तुम्हा सातही जणांना त्या यादीत घातलं आणि कॉलेजला शोकपत्र धाडलं. (ते तुम्ही अभिनंदनाचं समजून तालीमघरात चौकट करून लावलंत. अजून आहे.) मग पत्रं कुणाला पाठवणार?

आता जुनं नाव परत हवं, तर जुन्या शाखेतल्या एका जिवंत सभासदाची सही हवी, तीही शनिवारपर्यंत. नाहीतर रांगेच्या शेपटाचं कुठलं तरी नाव आमच्या गळ्यात. कार्यालयातल्या मिसेस फेनिमोर फोनवर म्हणतात, ते सातही गृहस्थ वारलेत. म्हटलं, बाई, परवा रविवारी त्यातल्या एकानं माझ्या ताटातला केक फस्त केलाय! तर म्हणे, नोंद तशी नाही. पण मी हटणार नाही. मोठ्या ढोलावर माझ्या आजोबांनी, म्हणजे तुमच्या थोरल्या भावानं, स्वतःच्या हातानं 'थीटा कप्पा' रंगवलंय. ते खरवडायला मी कुणाच्या बापाला हात लावू देणार नाही.

तुमची,
टिल्डा

ता. क. आजोबा तर गेलेच, बाकी पाचांचाही शोध घेतला. ते आता खरोखरच त्या यादीतले. उरलात तुम्ही. शनिवारी दहाला तालीमघरात या, मिसेस फेनिमोर जातीनं येणार आहेत. ट्यूबा आणा, त्यांचा नुसत्या ओळखपत्रावर विश्वास बसायचा नाही.

ता. क. २. तो अहवाल मी पाहिला. अक्षर तुमचं आहे. सहीला आलात, तर नाताळात कार्यालयाला खुशाल शिव्या घाला, मी चकार शब्द काढणार नाही.

ता. क. ३. आजोबांनीही ते अक्षर ओळखलं असणार. जन्मभर त्याबद्दल बोलले नाहीत. तिकडे ते तुमची वाट बघत असतील, तर बघू देत. मला तुम्ही अजून इथं हवे आहात.