भोंग्याची वायर

सोमवार, ८ जानेवारी २००७

पोचले! यवतच्या चौकातून वडापच्या जीपमध्ये अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि माझ्या मांडीवर हत्यारांची पिशवी. ड्रायव्हरनं विचारलं, एवढं जड काय हाय? पक्कड, सोल्डर, मीटर म्हटल्यावर तो आरशातून माझ्याकडं बघतच राहिला.

बापूसाहेबांचं पॉलिहाऊस राहू गावाच्या बाहेर, ऊस संपतो तिथं. आत जरबेरा. पिवळा, केशरी, आणि एक गुलाबी तर असा की तोडायला जीव होऊ नये. मागं काळ्या प्लॅस्टिकचं मोठं शेततळं, पुढं पॅकिंग शेड, शेडला लागून माझी खोली. पप्पांना काळजी होती की मुलीला तिथं कशी वागणूक देतील. साखरबाईंनी, म्हणजे बापूसाहेबांच्या मंडळींनी, स्वतः चहा आणला. घरातल्याच कपात. हे पप्पांना पत्रात मुद्दाम लिहायचं.

बुधवार, १० जानेवारी

दोन दिवस नुसत्या तारा मोजल्या. इथं लोडशेडिंगमध्ये आठ-आठ तास वीज नसते, म्हणून सगळं बारा व्होल्टवर करायचंय. एक ट्रॅक्टरची बॅटरी आणि तिच्यावर रिमोटचे रिले बोर्ड. मी पॅकिंगवाल्या बायकांना दाखवलं. रिमोटचं बटण इथं दाबायचं, तिकडं बोर्डातला रिले टक् करून जोडला जातो, लाल दिवा लागतो आणि पुढचं यंत्र चालू. एका बोर्डावर पाण्याचा व्हॉल्व्ह, दुसऱ्यावर पडदे गुंडाळायची मोटर, तिसऱ्यावर शेडमधला भोंगा. पुतळाबाईनं चारदा पडदे वरखाली केले. तिचं मन भरेना.

भोंग्याचा बोर्ड तेवढा जुना आहे. आधीच्या माणसानं, म्हाळूनं, बसवलेला. जोडणी इतकी देखणी की सुटा करायला हात धजला नाही. बापूसाहेब म्हणाले की म्हाळू मे महिन्यात न सांगता रांजणगावच्या एमआयडीसीत निघून गेला. भोंग्याची वायर मात्र कुणीतरी हिसका देऊन तोडल्यासारखी लोंबत होती. मी ती जोडली.

शनिवार, १३ जानेवारी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी भोंगा आपोआप वाजला. तीनदा वाजून थांबला, परत तीनदा. माझा रिमोट समोर टेबलावर होता.

कुणीच हसलं नाही. झुंबरबाई इथली सगळ्यात जुनी. ती एवढंच म्हणाली की ही वायर जोडायला नको होती. पुढं विचारलं तर पॅकिंगच्या फुलांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालत बसली.

कारण साधं असणार. शेजारच्या मळ्यात कुणाच्या गाडीचा रिमोट असेल, त्याचा आकडा जुळत असेल. ज्या रिमोटची ओळख करून दिलीय, त्याचंच बोर्ड ऐकतं. बोर्डावरचं बटण आठ सेकंद दाबून धरलं की ते सगळ्यांना विसरतं. विसरायला लावलं आणि फक्त माझ्या दोन रिमोटांची ओळख करून दिली. मिटला प्रश्न.

सोमवार, १५ जानेवारी

मिटला नाही. आजही तीन दहा. आजही तीन आणि तीन.

संध्याकाळी एक बाई फाटकाशी उभी होती. मला बघून जय भीम म्हणाली. रतनबाई, म्हाळूची बायको. नवीन माणूस आलं की ती विचारायला येते म्हणे.

"ताई, तुमचं तिकडल्या कंपन्यात वळखीचं कुणी हाय का? आठ महिनं झालं. त्यांची कापडं घरातच हायती. माणूस कापडं न घेता कामाला जातंय का वो?"

मी म्हटलं, वैनी, चौकशी करते. दुसरं काय म्हणणार?

बुधवार, १७ जानेवारी

आज तयारीनं बसले. पावणेतीनला भोंग्याच्या बोर्डाच्या दोन्ही वायरी बॅटरीवरून काढल्या. मीटर लावून बघितलं, शून्य. बोर्ड तळहातावर घेतला.

तीन दहा. टक् टक् टक्.

हातात जाणवलं. दिवा नाही, वीज नाही, आणि रिले ओढला जातोय. आमच्या घरात भूत-बित कुणी मानत नाही. पप्पांनी आम्हाला लहानपणीच शिकवलंय की कारण शोधायचं. मी कारण शोधणार. पण जेवण गेलं नाही.

गुरुवार, १८ जानेवारी

बोर्डाची एरियलची तार कापली. तार नसली की बोर्डाला फक्त जवळचं ऐकू येतं. म्हणजे हे वाजवणारा रिमोट जिथं असेल, त्याच्या जवळ जाईन तसतसा रिले नीट वाजेल. बॅटरी जोडायची गरज पडली नाही.

तीन दहाला चालायला लागले. शेडमध्ये काहीच नाही. पॉलिहाऊसच्या मागच्या दारात एखादी टक्. शेततळ्याच्या बांधावर तीन आणि तीन. उत्तरेच्या कोपऱ्यात तेच तीन आणि तीन, पण थांबेचना.

तिथं पाण्याखालचं प्लॅस्टिक वर फुगलंय. माणसाएवढा फुगवटा. शेवाळानं सगळी कड बुळबुळीत झालीय. कुंपण नाही, दोर नाही. यात पडलेला वर येणार कसा?

बघत होते तोवर फुगवटा कुशीवर वळला.

वारा नव्हता.

शुक्रवार, १९ जानेवारी

बापूसाहेबांना विचारलं. सरळ विचारलं, म्हाळू कुठं आहे? आधी चिडले. मग मी बोर्ड त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्याला एकही वायर नव्हती, एरियलही नाही; कालच्या हिशोबानं तळ्यापासून एवढ्या लांब त्याला काही ऐकू यायलाच नको होतं. तीन दहापर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसलो. ते वाजलं आणि बापूसाहेब खुर्चीतून उठून भिंतीला टेकले.

मे महिन्यात तळं तळाला गेलेलं. फाटलेलं प्लॅस्टिक जोडायला त्यांनी म्हाळूला खाली उतरवलं, भोंग्याचा रिमोट त्याच्याजवळच होता. तेवढ्यात कॅनॉलचं पाणी सुटलं. पाण्याची पाळी जाईल म्हणून त्यांनी तळं भरायची मोटर चालू केली आणि जेवायला बसले.

"भोंगा वाजाय लागला. तीन-तीनदा. मला वाटलं गडी चेष्टा करतोय, ऊन लागलंय म्हून सुट्टी मागतोय. लई वाजला, बाई. ताटावरनं उठलो आन् वायर तोडली. परत येऊन जेवलो."

संध्याकाळी तळं भरलं होतं आणि बांधावर चपला होत्या. त्या त्यांनी चुलीत घातल्या. वर काहीच आलं नाही, म्हणून रांजणगावचं सांगितलं.

प्लॅस्टिकच्या खाली गेला. फाटक्यातून खाली, आणि वर सगळं पाणी.

शनिवार, २० जानेवारी

रतनबाईला सांगितलं. रडली नाही. पोलिसांकडं अर्ज दिला. सोमवारी येऊन तळं उपसतो म्हणाले. बापूसाहेब घरातून बाहेर पडले नाहीत.

परत येताना तिनं विचारलं की त्यांच्या हातात होतं ते कसं असतं. माझा दुसरा रिमोट दिला. तिनं तो मुठीत धरून बघितला, मग पदराच्या टोकाला बांधला. म्हणाली, सोमवारपर्यंत ठेवते. मी म्हटलं, ठेवा.

पोलिसांना दाखवायला बोर्ड एरियलसकट परत भोंग्याला जोडून ठेवलाय. भोंगा आजही वाजला. आता त्यात राग आहे असं वाटतं. उगाच वाटत असेल. झोप नाही.

रविवार, २१ जानेवारी

सुट्टी. शेडमध्ये मी एकटी. रतनबाई सकाळपासून बांधावर बसलेली, कोपऱ्याकडं तोंड करून. बाराला समजावून घरी धाडली. फाटकापर्यंत गेलेली बघितली.

फुगवटा आज कडेला आलाय. पाण्याच्या वर. त्यावर पाच — बोटांसारखे — नाही लिहीत.

३.१०

वाजला. तीन. तीन.

कानात बोटं घातली. तरी —

३.१४

थांबून परत लागलाय. आता मध्ये थांबतच नाही. सलग. सलग. भिंती वाजतायत —

वायर काढली. ओढूनच काढली. तुटली.

शांत.

काही नाही. उद्या पोलीस येतील. लिहिलं की डोकं ठिकाणावर येतं. काय झालं ते नीट लिहायचं. तीन दहाला तीन आणि तीन, रोजच्यासारखं. मग तो थांबला. मग सलग.

सलग त्यानं कधीच वाजवलं नाही. नऊ दिवसांत एकदाही —

टेबलावर बोर्ड परत — टक् टक् टक् — आणि त्या तिनाच्या मध्ये दुसरी टक्. घाईची. हलकी. दोघं दाबतायत.

दुसरा रिमोट. पदराला बांधलेला. मी तिला फाटकापर्यंतच बघितलं, पुढं —

हलकी टक् थांबली. आता एकच वाजतोय. तीन आणि ती—