माझ्या रक्तात मेंदू निघाला, त्याची गोष्ट

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? माझं म्हणशील तर मी जिवंत आहे. मागच्या पत्रात तुझा कायमचा निरोप घेऊन, वर एक कबुलीही देऊन बसलो होतो, त्यामुळे हे तुला विचित्र वाटेल. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून पुन्हा पत्र.

झालं असं. मेंदूच्या पेशींवरची एक खूण मी सहा वर्षं शोधतोय, हे तू चारचौघांत सांगतेसच (तुझ्या तोंडून ऐकताना मलाही ते खरं वाटतं). त्या खुणेला चिकटणारा द्रव आम्ही बनवला. तो टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पेशी हिरव्या चमकतात. दुसरं काही चमकता कामा नये, म्हणून पडताळ्याला शेजारच्या काचेवर रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ठेवायच्या. रक्त कुणाचं? तर आमच्याकडचा रिवाज असा, की त्या दिवशी सगळ्यांत उशिरा येईल त्याचं. तू मला लहानपणापासून ओळखतेस. सहा महिने रक्त माझंच गेलं.

आणि माझ्या पांढऱ्या पेशी लखलखत होत्या! आधी वाटलं, काच घाण असेल. काचा घासून घासून बोटांची सालं निघाली. मग वाटलं, द्रव बिघडला. शेवटी खात्री पटली की बिघडलोय मीच, माझा मेंदू विरघळून रक्तात उतरतोय. (त्याच आठवड्यात डोक्यावरचा चष्मा मी घरभर शोधला होता, त्यामुळे पुरावाही भक्कम होता.) एवढं शिकून दुसऱ्या कुणाचं रक्त बघावं असं काही सुचलं नाही. सरळ तुला पत्र लिहायला बसलो.

गेल्या मंगळवारी आमच्या मार्गदर्शक बाई माझ्याही नंतर आल्या. नियम म्हणजे नियम, म्हणत त्यांनी दंड पुढे केला. त्यांच्याही पेशी चमकल्या. मी गंभीर चेहरा करून त्यांचं सांत्वन करू लागलो. मला बाजूला सारून त्यांनी कारकुनाचं, झाडूवाल्या मावशींचं, सगळ्यांचं रक्त घेतलं. सगळेच चमकले. ती खूण एकट्या मेंदूची नव्हतीच, पांढऱ्या पेशीही तीच अंगावर घेऊन फिरतात. बाई म्हणाल्या, "अरे गाढवा, हाच तर शोध आहे! आणि तू सहा महिने तो पुसत बसलास?" माझ्या प्रबंधाच्या नावातच 'फक्त मेंदूत' असं आहे. आता बराचसा पुन्हा लिहायचा आहे.

गुडघ्यांना जप.

तुझा (अजून काही वर्षं तरी),
धाकटा भाऊ

ता. क. मरणार म्हणून भाचीला पाठवलेली सायकल कृपया परत पाठव. बसमुळे रोज उशीर होतो आणि रक्त पुन्हा माझंच जातं.

आणखी एक ता. क. आईच्या शेवटच्या दिवसांत मला प्रयोग सोडून येता येत नाही असं सांगितलं होतं, ते खोटं होतं, हेही त्याच पत्रात लिहिलं होतं. प्रयोग नव्हताच. ती तशी मला बघवत नव्हती, म्हणून सगळं तुझ्यावर टाकून मी इथं बसलो. जगणार आहे हे ठाऊक असतं तर हे लिहायचं धाडस झालं नसतं. सायकल परत हवी आहे, ही कबुली नको. फोन उचल ताई, ओरडायला का होईना.