पहिला पापुद्रा

प्रिय मोहिनी,

मोबाइल हातात असताना आईला पत्राचं खूळ कुठून लागलं, म्हणून हसशील. हस. काल बोलता बोलता फोन तुटला ना, तो रेंज गेली म्हणून नव्हे, मीच ठेवला. का ते सांगते, पण आधी घरचं ऐक.

परवा पेठहून भागीमावशी नव्या नागलीचं, तुमच्या पुण्याच्या भाषेत नाचणीचं, गाठोडं घेऊन आली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुझं भात-भाकरी, साखर सगळं बंद करून तूप, अंडी, पनीर सुरू केलंय म्हटल्यावर तिनं कपाळावर हात मारला. नागली नाय खायाची, तर पोरीनं जगायचं कशावर, म्हणाली. मी शहाणपणानं समजावलं, की उदासीच्या आजारावर या आहाराचा उपयोग होतो का ते डॉक्टर लोक अजून तपासताहेत, खात्री कुणी देत नाही, गोळ्याही चालूच आहेत. समजावलं खरं, पण मला तरी आधी कुठं पटलं होतं? मीच नाही का तुला नागलीचे लाडू पाठवले, तेही गुळाचे! हल्ली नाशकात नागलीला एवढा मान, मला वाटलं पथ्यात बसेलच. तू बिचारीनं ते मैत्रिणींना वाटून टाकलेस.

शाळेतून आले की घर खायला उठतं. लहानपणी तू ओट्याशी उभी राहायचीस. पहिल्या भाकरीचा पापुद्रा तुझा, वर तेल-मीठ. बाबांनी नुसता हात लावला तरी भोकाड पसरायचीस. आणि दिवाळीत आलीस तेव्हा, काय करू विचारलं की भिंतीकडे तोंड करून म्हणायचीस, काहीही चालेल. मोहिनी, त्या ‘काहीही चालेल’ची मला फार भीती बसली गं.

काल तू म्हणालीस, आई, पापुद्रा खावासा वाटतोय. आणि लगेच, जाऊ दे, पथ्य आहे. मला रडू फुटलं, म्हणून फोन ठेवला. किती दिवसांनी तुला काहीतरी हवंसं वाटलं! आहारानं, गोळ्यांनी की आणखी कशानं, मला ठाऊक नाही. शनिवारी ये. तूप कढवून ठेवलंय, अंडी आणलीत. डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत पापुद्रा मिळायचा नाही. पण ‘जाऊ दे’ म्हणू नकोस. तू मागत राहा, मी नाही म्हणत राहीन.

तुझी वाट पाहणारी, तुझीच,
आई