नंदाखालच्या मिस्सेत माझं नाव

२८ सप्टेंबर १९९९, मंगळवार

आज शाळा बुडवून मुंबईच्या हॉस्पिटलात. छातीतल्या गाठीत गेल्या आठवड्यात सुई घातली होती, त्याचा रिपोर्ट. मला रक्त द्यायला खाली पाठवलं आणि तेवढ्यात माझा नवरा पास्कल डॉक्टरांना भेटून आलासुद्धा. "साधी गाठ आहे. छोटंसं ऑपरेशन, काढून टाकतील." एवढं बोलून शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छ होता.

मग डॉ. शर्वरी म्हणून एक मुलगी आली. वेगवेगळ्या पेशंटना आजार कसा कळला, कोणी काय सांगितलं, त्यांना काय वाटलं, याचा त्यांचा अभ्यास चाललाय. प्रश्नांवर प्रश्न. "टीचर, तुम्हाला नक्की काय झालंय, असं तुम्हाला वाटतं?" म्हटलं, वाटायचं काय त्यात, साधी गाठ आहे. तिनं मान खाली घालून लिहून घेतलं. कॉपी करणारी पोरं अशी मान घालतात.

२ ऑक्टो., शनि.

घरात काहीतरी शिजतंय. पा. सकाळी वाडीत जायच्या आधी मला चहा करून देतो. लग्नापासून पहिल्यांदा. केळीला पाणी कधी सोडायचं ते त्याला न बघता कळतं, साखर कुठल्या डब्यात ते विचारावं लागलं. रीना न सांगता भांडी घासते. पोटची पोर आहे, तिला भांड्यांबद्दल किती प्रेम आहे ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी मोनाबाय नंदाखालहून आली. शहाळी घेऊन! ही माझी नणंद. एरवी माझ्याच घरातून लोणच्याची बरणी घेऊन जाते. रोझरीचा जप झाल्यावर म्हणाली, अजून थोडी प्रार्थना करू, एक हेतू आहे.

"कसला हेतू?"

"असाच."

असाच! सगळे माझ्याकडे न बघता गुडघ्यावर बसले.

१० ऑक्टो., रवि.

पेन कागदात रुततंय. रागानं.

आमच्या शाळेतल्या ग्रेसी टीचरच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, नंदाखालला. म्हटलं रविवारची मिस्साही तिकडच्याच चर्चमध्ये करू. पा. नको म्हणत होता, रिक्षात हादरे बसतील, आपल्या इथली मिस्सा काय वाईट आहे. मी निघाले. श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू झाल्या. पावसाळ्यात पडझड झालेल्या घरांसाठी, परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी. आणि मग फादर, स्वच्छ आवाजात, माईकवरून: "माणिकपूरच्या फिलोमिना टीचर यांना कॅन्सरच्या आजारातून आरोग्य लाभावं म्हणून आपण प्रभूकडे याचना करू या."

सगळं चर्च म्हणालं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

मीही म्हणाले. सवयीनं. माझ्या स्वतःच्या कॅन्सरसाठी मी सगळ्यांबरोबर प्रार्थना केली आणि मग मला कळलं की कोणाचं नाव घेतलं.

पुढच्या बाकावरची मोनाबाय सहज मागं वळली. मला बघितलं. तिच्या हातातली रोझरी खाली पडली आणि ती उचलायलाही वाकली नाही. फादरांना बोल लावत नाही, ते बिचारे मला ओळखतही नाहीत. बाप्तिस्म्याला थांबले. बाळाला सोन्याची अंगठी दिली, केक खाल्ला. ग्रेसी टीचर माझा हात सोडायला तयार नव्हती.

रात्र पडायच्या आत पा.ला वाडीतून बोलावून घेतलं. आम्ही आपल्या बोलीत भांडतो, इथं मी शाळेच्या मराठीत उतरवतेय, म्हणून कमी लागेल.

"कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून."

"मोनाबायला?"

"तिला सांगितलं. मिस्सेत नाव घ्यायचं होतं. आपल्या चर्चमध्ये घेतलं असतं तर तू ऐकलं असतंस, म्हणून नंदाखालला…"

"देवाला सांगितलंस, बहिणीला सांगितलंस, अख्ख्या नंदाखालला सांगितलंस. मला नाही?"

"तू रडली असतीस. मला बघवलं नसतं."

मग बाकीचं बाहेर आलं. छोटंसं ऑपरेशन वगैरे काही नाही. सगळी छाती काढायची असं ठरलंय. कोणाचं ठरलंय? डॉक्टरांचं आणि ह्याचं. मी शुद्धीवर आल्यावर मला कळलं असतं! एवढी वर्षं पोरांना सांगतेय की उत्तर नुसतं लिहू नका, पायऱ्या दाखवा, आणि माझ्या घरात माझंच उत्तर काढून ठेवलेलं.

तो रडला. ओट्यावर बसून, लहान मुलासारखा. मी जवळ गेले नाही. आज नाही.

११ ऑक्टो.

भीती वाटतेय. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, म्हणून इथं लिहिते. खूप भीती वाटतेय.

शाळेत गेले. नववी ब. तास चालू असताना काही आठवलं नाही. घंटा झाल्यावर आठवलं.

१४ ऑक्टो., गुरु.

हॉस्पिटल. पा. आला. मी नको म्हटलं नाही, ये पण म्हटलं नाही.

डॉक्टर त्याच्याकडे बघून बोलायला लागले, "यांना आता विश्रांती…" मी खुर्ची ओढून मध्ये घेतली. "डॉक्टर, गाठ माझ्या छातीत आहे. यांच्या नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. काय माहिती हवी आहे?"

"सगळी. सावकाश. मी गणित शिकवते, मला समजतं."

माणूस वाईट नाही. पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं. दोन मार्ग आहेत. एक, सगळी छाती काढायची. दुसरा, गाठ आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग काढायचा, काखेतल्या गाठी तपासायच्या, आणि मग काही आठवडे रोज येऊन शेक घ्यायचा, म्हणजे मशीनखाली झोपायचं. माझी गाठ लहान आहे, दोन्ही मार्ग मला चालण्यासारखे. पण दुसऱ्यात एक मेख आहे. काढलेल्या भागाच्या कडा तपासतात. कडेपर्यंत कॅन्सर निघाला तर पुन्हा ऑपरेशन, आणि मग बहुधा सगळंच काढायचं.

"तुमच्या मिस्टरांनी पहिला मार्ग निवडला होता."

"मिस्टर केळी निवडतात. चांगली निवडतात. हे मी निवडते."

दुसरा मार्ग सांगितला. डॉक्टर म्हणाले, घरचेच हात जोडतात हो, पेशंटला सांगू नका म्हणून. म्हटलं, घरच्यांनी हात जोडले म्हणून मी कधी कोणाला पास केलं नाही.

परतताना पा.नं वसईला उतरून रिक्षा केली. रिक्षात म्हणाला, "रोज मुंबई. इतके आठवडे. कशाला? मला तू हवीस. बाकी काही नको."

"तुला बाकी काही नको. मला हवंय."

त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. घरी आल्यावर चहा करायला उठला. मी म्हटलं, बस, मी करते, तुझा चहा पिऊनच मला काहीतरी झालंय असा संशय आला होता. हसला. पहिल्यांदा.

२१ ऑक्टो.

डॉ. शर्वरीला गाठलं. "माझी मागची उत्तरं खोडा. ती दुसऱ्याच बाईची आहेत."

म्हणाली, खोडता येत नाहीत. त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात ते त्या दिवसाचं. आज पुन्हा विचारते, ते खाली लिहिते. हे मला पटलं. मीही पोरांना खाडाखोड करू देत नाही.

"आजाराचं निदान तुम्हाला कोणाकडून कळलं? डॉक्टर, नातेवाईक, की इतर?"

"इतर."

"कोण?"

"फादर. मिस्सेत. माईकवरून."

आधी तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग हसू आलं तिला, आणि मग एकदम डोळे भरले. "सॉरी टीचर. मला त्या दिवशी माहीत होतं. तुमच्या मिस्टरांनी अट घातली होती, तो शब्द उच्चारायचा नाही. तशी अट नसलेले पेशंट फार थोडे मिळतात."

"म्हणजे पेशंटला काय वाटतं ते विचारायचं, पण काय झालंय ते सांगायचं नाही. कसला अभ्यास हा?"

"तेच तर," म्हणाली. वही मिटली. सारवासारव केली असती, तर मी उठून गेले असते. अभ्यासात राहते म्हणून सांगितलं. माझ्या रागाचा कोणाला तरी उपयोग होऊ दे.

१८ नोव्हें., गुरु.

ऑपरेशन परवा झालं. काखेत नळी, तिला बाटली. हात वर होत नाही, तरी लिहिते. शुद्धीवर आले तेव्हा पहिला हात छातीवर नेला. पट्टीखाली आहे. उरलेली, पण माझी.

कडांचा आणि काखेतल्या गाठींचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात.

२० नोव्हें., शनि.

शेजारच्या कॉटवर हिराबाय. कळंबची, मासळी विकते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, शेक चालू आहे. हे मला तिच्या मुलानं, दत्तानं, बाहेर व्हरांड्यात सांगितलं, आणि वर हात जोडले. "टीचर, आईला बोलू नका. तिला वाटतं अंगावरून जातंय म्हनून उपचार चाललाय. कललं तर हाय खाईल ती."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुझी आई भर उन्हात टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरते, तिला तू लहान बाळ समजतोस? तो रडवेला झाला. मी ठरवलं, आज हिला सांगायचंच. माझ्या बाबतीत जे झालं ते हिच्या बाबतीत होऊ देणार नाही.

तो गेल्यावर सुरुवात केली. "हिराबाय, तुम्हाला एक सांगायचंय."

"नको सांगू. मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुला हाय तोच. जागा येगली." डब्यातलं भाताचं शीत बोटानं टिपत म्हणाली, "शेकाच्या खोलीभायेर समद्या त्याच दुखन्याच्या बाया. मी काय येडी हाय?"

"मग दत्ताला का नाही सांगत?"

"तो डबा आनतो. मी जेवले का मंग जेवतो. त्याला वाटतं आयशीला काय म्हाईत नाय, म्हनून घास उतरतो त्याचा. सांगितलं तर तो जेवल काय माज्यासमोर? ऱ्हाऊ दे. आनि तुज्या त्या डाक्टरनीला पन काय बोलू नको."

मला पटलं नाही. अजून पटत नाही. मी अशी गप्प बसले असते तर फुटले असते. पण माझं भांडण होतं ते माझ्यासाठी दुसऱ्यांनी ठरवल्याचं. हिचं हिनं ठरवलंय. आता मी तिच्या मुलाला जाऊन सांगितलं तर माझ्यात आणि मोनाबायमध्ये फरक काय? गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, नीट लिहून ठेवते, आज बसले.

२२ नोव्हें., सोम.

डॉ. शर्वरी वॉर्डात. हिराबायला विचारलं, काय झालंय तुम्हाला?

"मला काय म्हाईत नाय, बाय. डाक्टरला म्हाईत." आणि शर्वरीच्या पाठीमागून माझ्याकडे बघून डोळा मारला. असला डोळा मारायला मला या जन्मात येणार नाही.

निघताना शर्वरीला थांबवलं. म्हटलं, तुमच्या प्रश्नांत एक प्रश्न घाला. 'तुम्हाला माहीत आहे, हे तुमच्या घरच्यांना माहीत आहे का?' आणि तो विचारताना घरच्यांना चहाला पाठवा.

तिनं वही परत उघडली. "असं का म्हणताय?"

"असंच." मोनाबायचा शब्द वापरावा लागला.

"वरिष्ठांना विचारावं लागेल."

"विचारा. नाही म्हणाले तर मला बोलवा. नळी निघाली की मी मोकळीच आहे."

२६ नोव्हें., शुक्र.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितेय. रिपोर्ट आलाय, आत टेबलावर आहे. कडा साफ असतील तर शेक. नसतील तर परत ऑपरेशन, आणि मग बहुधा पा. म्हणत होता तेच. काखेतल्या गाठींत निघालं तर आणखी काय काय, ते डॉक्टरांनी सांगितलंय, मीच विचारलं होतं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं का? नाही. भीती वाटली तरी नाही.

सगळं काढावं लागलं तरी रडेन. भरपूर रडेन, पा.च्या समोर, त्याला बघवो न बघवो. पण मी ऐकून, मी हो म्हणून.

पा. शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलाय. सारखं घोटभर पाणी पितोय. मघाशी म्हणाला, "फिलू, आधी मी जाऊन येऊ का?" मी नुसतं बघितलं. म्हणाला, "बरं, बरं."

आत्ता सिस्टर दारात येऊन गेल्या. "फिलोमिना, माणिकपूर. नातेवाईक कोण आहेत?"

मी उठले.

"पेशंट नको हो, डॉक्टरांनी नातेवाईकांना बोलावलंय."

म्हटलं, तिची सगळ्यात जवळची नातेवाईक मीच.

सिस्टरांनी पा.कडे बघितलं. पा.नं माझ्याकडे बोट दाखवलं. दोन मिनिटं थांबा म्हणून त्या आत विचारायला गेल्यात, तेवढ्यात हे लिहून घेतलं. दार उघडतंय. पा.ला म्हटलं, चल, तूही ये. पण माझ्या मागून.